सहाव्या वर्षाची दाढ

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, घरची भाकरी-भाजी उरकून तुम्ही रात्री या वर्गाला येता. म्हणून मी फार वेळ घेणार नाही. आज मी धडा शिकवायला आलेलो नाही. माझी एक चूक सांगायला आलो आहे. तीस वर्षांहून अधिक काळ ती माझ्या मनात आहे. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

१९९२ सालची गोष्ट. मी तेव्हा एका लहान गावात शिक्षक होतो. तिसरीच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगत नाही. पाढे म्हणण्यात ती सगळ्यांच्या पुढे. त्या पावसाळ्यात मात्र ती गप्प गप्प राहू लागली. सारखा गालाला हात. भाकरी चावायची ती एकाच बाजूने. एक दिवस तिची आई शाळेच्या दारात आली.

"गुरुजी, पोरीची दाढ लई दुखतीया. तालुक्याला न्यावी का?"

खुरपणीचे दिवस होते. तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. मी मॅट्रिक झालेला. गावात चार अक्षरे जास्त शिकलेला. मला वाटले, हे काय विचारायचे? मी म्हणालो, "अहो बाई, या वयात दुधाचे दात पडायचेच. उगीच खाडा कशाला करता? दाढेखाली लवंग धरायला सांगा. पडेल आपोआप."

गुरुजींनी सांगितले म्हणजे खरेच असणार. ती बिचारी परत गेली.

दिवाळीच्या आत त्या पोरीचा गाल सुजला. सूज जबड्याखाली उतरली. अंगात ताप. तोंड उघडेना, पाणी गिळवेना. मग आम्ही तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी औषधे दिली, पू काढला. पोर वाचली. पण दाढ उपटावी लागली. मी धीर देण्यासाठी म्हणालो, "जाऊ दे बाळ, दुधाची होती. नवी येईल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "गुरुजी, ही दुधाची नव्हती. ही सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ. हिच्या जागी आता दुसरी यायची नाही."

त्या आईने माझ्याकडे नुसते पाहिले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो, "मला शिकवा." त्यांनी मला मुलांचे दात मोजायला शिकवले. तेच आज मी तुम्हांला शिकवणार आहे. तुम्हांला आता दहापर्यंत आकडे येतात. इथे तर सहापर्यंतच लागतात.

मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा. "आ" करायला सांगा. पुढच्या दोन दातांच्या मधोमध रेघ आहे असे समजा. त्या रेघेपासून एका बाजूला मोजत जा. पहिला आणि दुसरा, हे पुढचे चावा घेण्याचे दात. तिसरा सुळा. चौथी आणि पाचवी, या दाढा. झाले पाच. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. वर दहा, खाली दहा, मिळून वीस. पहिला दात बहुधा सहा महिन्यांच्या सुमारास येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही पुरे होतात.

आता नीट ऐका. मूल सहा वर्षांचे झाले की त्या पाचांच्या मागे सहावा दात येतो. ही पक्की दाढ. वर दोन, खाली दोन, अशा चार. त्या येताना एकही दुधाचा दात पडत नाही. त्या मागे मोकळ्या जागेतून गुपचूप वर येतात. म्हणून आईबापांना कळतच नाही. पुढचे दात पडले की घरात गंमत होते. दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकतात. या दाढेचे मात्र कोणी कौतुक करत नाही. सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. मलाही वाटली होती.

म्हणून एवढे पाठ करा. सहाव्या वर्षी सहावा दात. तो पक्का. तो जन्मभराचा. काही मुलांना तो वर्ष-सहा महिने अलीकडे किंवा पलीकडे येतो, पण येतो तो याच जागी.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग पहिले पाच तर पडणारच ना? त्यांची कशाला काळजी?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर असे. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ घेऊन पोराने पाच-सहा वर्षे जेवायचे कसे? दात दुखला की मूल कमी खाते, रात्री झोपत नाही, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. शिवाय दुधाचा दात हा पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. एस.टी.त आपण सीटवर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसे. रुमाल उचलला की शेजारचा सरकलाच. दुधाची दाढ वेळेआधी गेली की शेजारचे दात त्या जागेत कलतात. मग पक्का दात वेडावाकडा येतो. आणि दुधाच्या दाताखाली पू झाला तर आत तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

आता दात किडतो म्हणजे काय होते? दातात किडा नसतो. बाजारात कोणी धुरी देऊन कापसावर पांढरे किडे काढून दाखवतो. ते दातातले नव्हेत. धुरीच्या बियांमधलेच कोंब असतात. पैसेही जातात आणि दुखणेही राहते.

खरे कारण निराळे आहे. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्ले की तेही खातात, आणि त्यांच्यापासून आंबट द्रव तयार होतो. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर काय होते? फरशी तेवढ्या जागी खरवडल्यासारखी होते, पांढरा डाग पडतो. दाताचेही तसेच. दाताचे वरचे कवच हे आपल्या शरीरातले सर्वांत कठीण. हाडाहून कठीण. पण आंबट द्रवापुढे त्याचे चालत नाही.

देवाने एक राखणदार मात्र दिला आहे. तो म्हणजे लाळ. लाळ तो आंबटपणा धुऊन काढते, झिजलेल्या जागेची थोडी डागडुजीही करते. पण तिला वेळ मिळाला पाहिजे. मुलाने जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर लाळ निभावून नेते. पण सकाळी चहा-बिस्कीट, दहाला चॉकलेट, बाराला गोड पाव, तीनला पुन्हा बिस्कीट, असे दिवसभर चालले तर राखणदाराने काय करावे? म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. सणासुदीला गोड करा. जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू द्या. अगदी लहानांना मात्र दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. रोज मुलाच्या हातावर पाचाचे नाणे ठेवून दुकानात धाडू नका. आपल्यात म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आपल्या मुलांना दोन्ही असू देत.

रात्री झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून रात्रीचे गोड सर्वांत वाईट. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवतात. मग दोन वर्षांच्या बाळाचे वरचे पुढचे दात काळे पडून झिजतात. दूध पाजा, पण बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. बाटलीची सवयच लावू नये हे उत्तम. वाटी-चमच्याने पाजा.

आणखी एक गोष्ट. बाळाला ताप आला, जुलाब झाले, की घरातली वडीलधारी म्हणतात, "दात येतायत." दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ चिडचिड करते. पण खूप ताप आणि जुलाब हे दातांमुळे होत नाहीत. ते दुखणे निराळे असते. तेव्हा दातांवर ढकलून बसू नका. जुलाब असतील तर जलसंजीवनी पाजा आणि दवाखाना गाठा. या एका समजुतीपायी बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आता रोजची निगा. बाळाला दात येण्याआधी स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. पहिला दात आला की मऊ, लहान ब्रश घ्या. दिवसातून दोनदा दात घासा. त्यातही रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नका. घासून झाल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नका. टूथपेस्ट घेताना त्यावर फ्लोराइड आहे का, ते पाहा. नावापुढे आकडा छापलेला असतो. मोठ्यांच्या पेस्टवर तो बहुधा १००० असतो. अक्षरे इंग्रजी असली तरी तुम्हांला आता आकडा वाचता येतो. न समजल्यास दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. फेस थुंकायला शिकवा. गिळू देऊ नका. थुंकल्यावर खळखळून चुळा भरण्याची गरज नाही. थोडे औषध दातावर राहू द्यावे.

पण अति तेथे माती. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य नाही. असे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर पांढरे, तपकिरी डाग येतात. पुढे हाडेही दुखावतात. गावातल्या पुष्कळ मुलांच्या दातांवर असे डाग दिसले, तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याची मागणी करा.

मुलाचे दात कोणी घासायचे? मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत आईने किंवा बापाने. हो, बापानेसुद्धा! ज्या मुलाला सदऱ्याची गुंडी नीट लावता येत नाही, त्याला मागची दाढ कशी घासता येईल? त्याला आधी घासू द्या, मग तुम्ही एकदा हात फिरवा. आणि मघाचा तो सहावा दात आठवून घासा. ब्रश तिथपर्यंत पोचला पाहिजे.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी कवच खरवडते. ती वापरू नका. मशेरीबद्दल बोललो तर इथल्या काही भगिनींना राग येईल, पण बोलतोच. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत, तिची सवय लागते, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. आई मशेरी लावताना पोरगी बघत असते. तिच्या बोटाला ती लागू देऊ नका.

इतके करूनही दात किडला तर? घाबरू नका. आज पुष्कळ उपाय आहेत. ते काय असतात हे आधी ठाऊक असले की भीती कमी होते.

पहिली खूण पाहा. हिरडीजवळ दातावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. ही सुरुवात. या वेळी डॉक्टर दातांवर फ्लोराइडचे औषध ब्रशने लावतात. टोचत नाही, दुखत नाही. दोन मिनिटांचे काम. दर तीन ते सहा महिन्यांनी ते लावले तर कीड तिथेच थांबू शकते. एक औषध चांदीचे असते. त्यानेही कीड थांबते, पण ती जागा काळी पडते. दुधाच्या दातासाठी ते चालते.

दुसरा उपाय खाच बुजवण्याचा. नव्या दाढेवर खोल खाचा असतात. त्यांत अन्न अडकते, ब्रशचे केस आत जात नाहीत. दाढ पुरती वर आली की डॉक्टर त्या खाचांवर पातळ लेप देतात. कोरत नाहीत, टोचत नाहीत. सहाव्या वर्षाच्या दाढेला हा उपाय फार गुणाचा.

खड्डा पडला असेल तर किडलेला भाग काढून सिमेंट भरतात. पूर्वी चांदी भरत. आता मुलांना बहुधा दाताच्या रंगाचे भरतात. कीड आतल्या नसेपर्यंत गेली तर नसेचा उपचार करतात, आणि दुधाच्या दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. वेळ आली की टोपीसकट दाढ पडते. दात वाचवता येण्यासारखा नसला तरच काढतात. त्याआधी सुई देऊन जागा बधिर करतात. वेळेआधी दाढ काढावी लागली, तर जागा राखण्यासाठी तारेची कडी बसवून घेता येते. तीही विचारा. वरचा दात काढला तर डोळे जातात, असे म्हणतात. ते खरे नाही. डोळ्याच्या नसा वेगळ्या.

दाढ दुखते म्हणून तंबाखूची चिमूट किंवा गोळीची पूड हिरडीवर ठेवू नका. तिथले कातडे भाजते. लवंगेने घटकाभर बरे वाटते, पण आतली कीड जात नाही. आणि गाल सुजला तर त्याच दिवशी दवाखाना. ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा. खुरपणी थांबते. सूज थांबत नाही.

खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर पाण्यात क्षणभर हलवा. जमले तर लगेच त्याच जागी बसवा आणि फडके चावून धरायला सांगा. नाही जमले तर दुधात ठेवा. तासाच्या आत, होईल तितक्या लवकर, दातांच्या डॉक्टरांकडे न्या. दात पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात निखळला तर मात्र तो परत बसवायचा नसतो.

तुम्ही म्हणाल, "हे सगळे खरे, पण पैसा?" ऐका. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यातले डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासायला येतात. किडलेले दात पाहणे हे त्यांच्या कामातच आहे. त्या दिवशी मुलाला शाळेत धाडा. "माझ्या मुलाचे दात पाहिले का?" असे दुसऱ्या दिवशी बाईंना विचारा. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती उतरंडीत ठेवून देऊ नका. तुम्हांला आता वाचता येते. वाचा आणि त्या दवाखान्यात जा. पुष्कळ ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात उपचार होतात. आणि दुखायची वाट पाहू नका. बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा दात दाखवा, पुढे सहा महिन्यांनी दाखवत राहा. फक्त एक करा. "ऐकलं नाहीस तर सुई टोचीन" असा डॉक्टरचा धाक मुलाला कधी घालू नका. धाक घातलेले मूल दुखत असूनही सांगत नाही.

आता शेवटचे सांगतो. २०२२ साली मी त्या गावच्या जत्रेला गेलो होतो. एक बाई पुढे आली, पाया पडली. तीच ती तिसरीतली मुलगी. तिच्याबरोबर सहा वर्षांचा मुलगा होता. सवयीने मी त्याला म्हणालो, "बाळ, आ कर बघू."

ती हसली. हसताना एका बाजूची ती रिकामी जागा मला दिसली. ती म्हणाली, "गुरुजी, मोजलेत मी. सहावा आलाय. खाचा बुजवून आणल्यात."

मला दुसरे काही बोलता आले नाही. मी मुलाच्या हातावर खाऊसाठी पैसे ठेवणार होतो. मग शेंगदाण्यांची पुडी घेऊन दिली.

तर बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर मुले झोपली नसतील तर त्यांना दिव्यापाशी बसवा. तोंड उघडायला सांगा. मधल्या रेघेपासून मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा दिसला तर तो जन्मभराचा आहे, हे मुलालाही सांगा. मग त्याचे दात घासा आणि निजवा.